नवा प्रोग्राम, जुना संगणक



लघुत्तम साधारण विभाज्य, म्हणजे आपला ल.सा.वि., हा शाळेतला जुना सोबती. एक गाडी दर बारा मिनिटांनी सुटते, दुसरी दर अठरा मिनिटांनी. दोन्ही आत्ता एकदम सुटल्या तर पुन्हा एकदम केव्हा सुटतील? छत्तीस मिनिटांनी. (बारा-बारा मिनिटांना गाडी मिळण्याची चैन आपल्या हिंगोलीकडे गणिताच्या पुस्तकातच असते, ते सोडून द्या.) आता समजा, एखाद्या शिक्षिकेने घरच्या नव्या संगणकावर हेच उदाहरण सोडविणारा चार ओळींचा प्रोग्राम पायथन भाषेत लिहिला. घरी तो झटकन चालला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत नेला आणि सातवीतल्या एका मुलीला टंकित करावयास सांगितला. मुलीने अक्षरन् अक्षर बरोबर उतरविले. पण शाळेचा संगणक इंग्रजीत एक वाक्य लिहून गप्प बसला. त्याचा अर्थ इतकाच की, ‘मॅथ’ या संचातून ‘एलसीएम’ हे नाव मला आणता येत नाही.

मुलीला काय वाटेल? माझे काहीतरी चुकले. ती पुन्हा टंकित करील, पुन्हा तेच वाक्य येईल, आणि तिसऱ्या खेपेस ती ठरवून टाकील की हे काम आपल्याला जमणारे नाही. वस्तुतः तिचे काहीच चुकलेले नाही, आणि शिक्षिकेचेही नाही. आजचे भाषण या एका वाक्यासाठी आहे.

कारण असे. शाळेच्या संगणकावर विंडोज ७ ही प्रणाली आहे. २०२० साली तिच्या निर्मात्यांनी तिची देखभाल थांबविली. पायथनची जी शेवटची आवृत्ती तिच्यावर बसते ती ३.८. संगणक त्याहून जुना, विंडोज एक्सपीचा असला, तर गाडी ३.४ वरच थांबते. आणि ल.सा.वि. काढणारे ‘एलसीएम’ हे तयार फंक्शन पायथनमध्ये आले ते ३.९ मध्ये, ऑक्टोबर २०२० साली. जी वस्तू त्या यंत्राच्या घरात कधी आलीच नाही, ती ते कोठून देणार?

भाषा वाढते, बदलते, हे आम्हा मराठी माणसांना नवे नाही. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि कित्येक अनुस्वार गळून पडले. तरी जुने पुस्तक वाचलेला माणूस नवे पुस्तक वाचतोच. डोळा एका क्षणी अडखळतो आणि पुढे जातो. यंत्राला ही समज नाही. न ओळखलेला एक शब्द आला की ते तेथेच थांबते. तेव्हा अडखळण्याची जागा आधीच ओळखून तिथे पायरी घालून ठेवणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम. या पायरीला मी ‘बदली फंक्शन’ म्हणतो. नेहमीचे गुरुजी नसले की त्या तासाला बदली शिक्षक येतात ना, त्या अर्थाने. शिक्षकबंधू आणि भगिनी ज्या ‘बदली’च्या नुसत्या नावाने दचकतात, ती ही नव्हे.

आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणीतून यास एक चांगला दाखला मिळतो. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती आणि व्यवहार हाली सिक्क्यात चाले. १९५० पासून भारतीय रुपया आला, पण हाली एका दिवसात नाहीशी झाली नाही. सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा हिशेब धरून दोन्ही नाणी काही वर्षे शेजारी शेजारी नांदली. त्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. रुपयाचे आणे सोळा, नवे पैसे शंभर. बदलाचा तक्ता ठरला: एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. जुन्या हिशेबाचा माणूस नव्या बाजारात अडू नये यासाठी ही सोय होती. पण तिच्यात एक मेख आहे. एकेका आण्याचे सहा सहा पैसे धरून सोळा आणे मोजाल, तर रुपयाचे शहाण्णवच पैसे होतात! चार पैसे वाटेत सांडतात. बदलीची व्यवस्था एका रकमेला बरोबर ठरली म्हणजे सर्व रकमांना ठरेल असे नाही. हे शहाण्णव पैसे ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

आता प्रत्यक्ष कृती. प्रोग्रामच्या आरंभी पायथनला म्हणावयाचे: ‘मॅथ’ संचातून ‘एलसीएम’ आणून पाहा. हा ‘ट्राय’चा भाग. ते मिळाले तर उत्तम, पुढे चल. न मिळाल्याची चूक आली, म्हणजे ‘इम्पोर्ट एरर’ आली, तर ‘एक्सेप्ट’च्या भागात याच नावाचे फंक्शन आपण लिहून ठेवलेले असते, ते घे. पुढच्या साऱ्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही की समोरचे गुरुजी कायमचे आहेत की बदलीचे.

येथे बारकाई अशी की, यंत्राला वय विचारू नये; अमुक वस्तू तुझ्याकडे आहे का, एवढेच विचारावे. वय विचारण्यात फसगत होते. ३.९ नंतरची आवृत्ती आली ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि तिचे नाव ३.१०. आम्ही गणिताचे लोक सांगू की ३.१० हे ३.९ पेक्षा लहान. पण हा दशांश अपूर्णांक नव्हे, हा क्रमांक आहे, नऊनंतर दहा. कित्येक प्रोग्रामांत या आवृत्त्या नुसत्या अक्षरांच्या माळेसारख्या ताडून पाहिल्या गेल्या. ‘१’ हे अक्षर ‘९’ च्या आधी येते, म्हणून नवी आवृत्ती जुनी ठरली आणि चालणारा प्रोग्राम बंद पडला. वस्तूच मागितली असती तर हा घोटाळा झाला नसता.

दुसरी बारकाई. ‘एक्सेप्ट’ लिहिताना कोणती चूक झेलावयाची हे नाव घेऊन सांगावे. नाव न घेता ‘काहीही चुकले तरी हे कर’ असे लिहिले, तर उद्या दुसऱ्याच कशाने बिघाड होईल आणि तो या पांघरुणाखाली झाकून जाईल. मला ही सवय आळसाची वाटते आणि ती विद्यार्थ्यांना लागू देऊ नये.

मग बदली फंक्शनच्या पोटात काय लिहावयाचे? आपल्याला सूत्र पाठ आहे: दोन संख्यांचा गुणाकार भागिले त्यांचा म.सा.वि. बारा गुणिले अठरा म्हणजे दोनशे सोळा. त्यास सहाने भागले, छत्तीस. झाले! एका ओळीचे काम. आणि येथेच शहाण्णव पैशांची गोष्ट पुन्हा उभी राहते.

खऱ्या ‘एलसीएम’ला वाटेल तितक्या संख्या देता येतात. समजा चार, सहा आणि दहा दिल्या. सूत्रावर भरवसा ठेवून तिघांचा गुणाकार केला, दोनशे चाळीस, तिघांचा म.सा.वि. दोन, भागाकार एकशे वीस. पण खरा ल.सा.वि. साठ आहे! दोन संख्यांना खरे असलेले सूत्र तिघींना लावले म्हणून हे झाले. दोन-दोन संख्या घेत जावे: चार आणि सहांचा बारा, बारा आणि दहांचा साठ. पुढे पाहा. उणे चार आणि सहा दिल्या तर खरे फंक्शन बारा सांगते, आपले सूत्र उणे बारा. दोन्ही शून्ये दिली तर खरे फंक्शन शून्य सांगते. आपले सूत्र शून्याला शून्याने भागावयास जाते आणि कोसळते. एकही संख्या दिली नाही तर खरे फंक्शन एक हे उत्तर देते. हे विचित्र वाटेल, पण गुणाकाराचा आरंभ एकापासून होतो हे ध्यानात घेतले म्हणजे पटते. भागाकाराचे चिन्हही जपून घ्यावे. पायथन ३ मध्ये एका तिरप्या रेघेने भागले तर उत्तर दशांशात येते, आणि फार मोठ्या संख्यांत शेवटचे अंक बिघडतात. दोन तिरप्या रेघांनी भागले तर पूर्णांक राहतो. येथे दोन रेघाच हव्यात.

म.सा.वि.चीही एक कथा आहे. ‘मॅथ’ संचातील ‘जीसीडी’ आले ३.५ मध्ये. त्याआधी ते ‘फ्रॅक्शन्स’ नावाच्या दुसऱ्या संचात राहत असे, आणि ३.९ मध्ये त्या जुन्या घरातून ते काढून टाकले गेले. म्हणजे एक्सपीच्या यंत्रावर एका घरी शोधावे लागते, नव्या यंत्रावर दुसऱ्या घरी. बरे, जुन्याचा स्वभावही निराळा: सहा आणि उणे चार दिल्या तर जुने उणे दोन सांगे, नवे दोन सांगते. नाव तेच, काम जवळपास तेच, आणि उत्तरात उणे चिन्ह. बदली म्हणून आलेल्या माणसाने वर्गात नेहमीच्या गुरुजींचेच पाठ चालविले पाहिजेत. स्वतःचे वेगळे सुरू केले तर परीक्षेत मुले बुडतात.

तरी नसलेल्या शब्दाची अडचण सोपी, कारण यंत्र निदान थांबून सांगते. शब्द आहे पण अर्थ बदलला, ही खरी अवघड जागा. पायथन २ मध्ये सात भागिले दोन लिहिले की उत्तर तीन येई. पायथन ३, जी डिसेंबर २००८ मध्ये निघाली, तीच ओळ वाचून साडेतीन सांगते. कोणी ओरडत नाही, चूक दाखवीत नाही; फक्त गुणपत्रिकेतील सरासरी निराळी येते. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. जुना प्रोग्राम कोठून मिळाला तर त्यातील भागाकार आधी पाहावेत, असे मी सांगेन.

आता तपासणीचे. नव्या संगणकावर बदली फंक्शन कधी कामावर येतच नाही, कारण खरे हजर असते. म्हणजे ते चुकीचे लिहिले असले तरी घरी सर्व सुरळीत दिसते आणि चूक उघडी पडते ती शाळेत, मुलांसमोर. यास उपाय सोपा आहे. बदली फंक्शनला तपासणीपुरते दुसरे नाव द्यावे आणि नव्या संगणकावर खऱ्याच्या शेजारी उभे करावे. उणे शंभरपासून शंभरपर्यंतच्या संख्यांच्या सर्व जोड्या दोघांना द्याव्यात. चाळीस हजारांवर जोड्या होतात, पण यंत्राला ते डोळ्याचे पाते लवेपर्यंतचे काम. एकाही जोडीत फरक पडला तर ती जोडी छापावी. नंतर तीन-तीन संख्या, एकच संख्या, आणि काहीच न देणे, हेही पाहावे. वर्गात हा तास घेऊन पाहा. ल.सा.वि.च्या व्याख्येची चर्चा इतक्या हौसेने मुले एरवी करीत नाहीत.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. नवा शब्द नसेल तर बदली देता येते. नवे व्याकरण नसेल तर देता येत नाही. पायथन ३.१० मध्ये ‘मॅच’ आणि ‘केस’ अशी वाक्यरचना आली. ती ३.८ च्या यंत्रासमोर ठेवली आणि भोवती ‘ट्राय’चे कुंपण घातले, तरी उपयोग नाही. यंत्र काम सुरू करण्यापूर्वी सबंध लेख वाचून काढते. रचनाच न कळल्यामुळे वाचतानाच हात टेकते आणि आपल्या ‘ट्राय’पर्यंत पोहोचतच नाही. तेथे साधे ‘इफ’ आणि ‘एल्स’ लिहावे. मुलांच्या प्रोग्रामांचे त्यावाचून काही अडत नाही.

आतापर्यंत पायथनचे झाले. पण आपल्या भाषेला याहून जवळचा प्रश्न ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे पाहण्याच्या साधनात, उभा राहतो. त्याची भाषा जावास्क्रिप्ट. शिक्षक मुलांसाठी शब्दकोडी करतात. एका चौकटीत एक अक्षर. ‘हिंगोली’ला चौकटी तीन: हिं, गो, ली. यंत्राला विचाराल तर ते सात सांगते, कारण त्याच्या दृष्टीने ह, वेलांटी, अनुस्वार, ग, काना-मात्रा, ल, वेलांटी असे हे सात तुकडे. तुकडे मोजून चौकटी भरल्या तर एकाकी वेलांट्या आणि अनुस्वार रिकाम्या चौकटीत लोंबकळताना दिसतात. हे टाळण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘सेगमेंटर’ नावाची सोय झाली. क्रोममध्ये ती २०२० साली आली, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये, १२५ व्या आवृत्तीत. विंडोज ७ वर क्रोम १०९ पर्यंतच चालतो आणि फायरफॉक्स ११५ च्या मालिकेपर्यंतच. म्हणजे शाळेतल्या एकाच जुन्या संगणकावर एका खिडकीत ही सोय आहे आणि शेजारच्या खिडकीत नाही!

येथे ‘वस्तू आहे का’ एवढे विचारूनही भागत नाही. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या. आपण म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरे मोजतो. अक्षरे कोठे तोडावयाची याचे जागतिक नियम युनिकोड ठरवितो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ या आवृत्तीपर्यंत ते नियम ‘ष्ट्र’चे तीन तुकडे करीत: पायमोडका ष, पायमोडका ट, आणि र. शब्दाची अक्षरे सहा भरत. तेव्हा सोय आहे, पण ती जुन्या नियमाने चालते, असेही होऊ शकते. म्हणून प्रोग्रामने आरंभी तिला ‘महाराष्ट्र’ हा शब्द तोडावयास द्यावा. उत्तर चार आले तर तिच्यावर विसंबावे. सहा आले, किंवा सोयच नसली, तर आपले बदली फंक्शन घ्यावे. त्याचा नियम मराठी शिक्षकाला सांगावा लागत नाही: काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार मागच्या अक्षराला चिकटतात, आणि हलन्त व्यंजन पुढच्या व्यंजनाला. शब्दाच्या शेवटी हलन्त आले, जसे ‘अर्थात्’मध्ये, तर पुढे चिकटावयास कोणी नाही, ते आपल्या जागी राहते. हा अपवाद विसरू नये.

या बदली फंक्शनांना इंग्रजीत ‘पॉलिफिल’ म्हणतात. रेमी शार्प नावाच्या ब्रिटिश प्रोग्रामकाराने हे नाव दिले. तिकडे भिंतीच्या भेगा बुजविण्याचा ‘पॉलीफिला’ नावाचा लगदा मिळतो, आपले रंगारी जिला लांबी म्हणतात तशा जातीचा, त्यावरून ते सुचले. ही लांबी आपल्या हाताने भरणे बरे. ‘पॉलिफिल डॉट आयओ’ नावाचे एक संकेतस्थळ अशी फंक्शने आयती पुरवीत असे, आणि जगातील असंख्य पाने ती दर वेळी तेथूनच मागवून घेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते नाव एका चिनी कंपनीने विकत घेतले. जून महिन्यात उघडकीस आले की त्या आयत्या फंक्शनांबरोबर घातक मजकूर पाठविला जात होता; एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर त्याची झळ पोहोचली. म्हणून म्हणतो, दहा-वीस ओळींचे काम असेल तर ते आपल्याच फाइलीत, आपल्याला वाचता येईल असे असावे. शाळेत इंटरनेट नसते तेव्हाही ते चालते, हा आणखी एक लाभ.

काही ठिकाणी लांबीने भागत नाही, भिंतच बदलावी लागते. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. खर्च दोन हजार सहाशे कोटी रुपये, आणि तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली लहर टिपली गेली, तेव्हा ती हुडकून काढणाऱ्या संचांपैकी ‘पायसीबीसी’ हा एक पायथनमध्येच लिहिलेला होता. त्या लहरीची आकडेवारी सर्वांना खुली आहे. औंढ्याच्या किंवा सेनगावच्या शाळेतील मुलांनी ती उघडून आलेख काढावयाचे म्हटले, तर ‘नंपाय’ हा आकडेमोडीचा संच लागतो, आणि त्याच्या २०२३ च्या १.२५ आवृत्तीपासून पायथन ३.८ ला प्रवेश नाही. हजारो फंक्शनांची बदली कोणी लिहीत बसणार नाही. एक तर १.२४ वर थांबावे. पहिल्या आलेखांना ती पुरते. नाही तर त्याच जुन्या यंत्रावरील विंडोज ७ काढून एखादी हलकी लिनक्स प्रणाली बसवावी. ती विनामूल्य मिळते, तिच्यावर नवे पायथन चालते, आणि यंत्र विकत घ्यावे लागत नाही. फक्त आधी शाळेचे दप्तर, निकालाच्या फाइली वगैरे, दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात. आणि मराठी टंकलेखनाची सवयीची पद्धत नव्या प्रणालीत मिळते ना, हे कारकुनांना दाखवून घ्यावे, नाही तर कचेरीत महाभारत होईल.

राहिली एक गोष्ट. बदली फंक्शन घातले की त्याच्या माथ्यावर मराठीत दोन ओळींची टीप लिहावी. मी अशी लिहीन: “पायथन ३.८ मध्ये एलसीएम नाही, म्हणून हा भाग. विंडोज ७ चा शेवटचा संगणक शाळेतून निघाला की खालच्या नऊ ओळी काढाव्यात. पुढच्या प्रोग्रामला हात लावू नये.” टिपेखाली तारीख घालावी. आपली बदली झाल्यावर तो प्रोग्राम ज्यांच्या हाती जाईल त्यांना ती लागेल.